तीर्थन खोऱ्यात ऑक्टोबरमध्ये फ्लाय फिशिंग आणि तंबूत मुक्काम: मुंबईहून तयारी कशी करावी?

भटकंती_डोंबिवली

नमस्कार मंडळी. आम्ही तिघं ऑक्टोबरच्या मध्यावर हिमाचलात तीर्थन खोऱ्यात जाणार आहोत. पाच रात्री आहेत: दोन गुशैणीच्या होमस्टेमध्ये, तीन तंबूत. फ्लायवर, म्हणजे किड्यासारख्या दिसणाऱ्या हलक्या गळावर, ट्राउट धरायचा आहे. सह्याद्रीत किल्ल्यांवर मुक्काम करायची तिघांनाही सवय आहे, तळ्यावर साध्या गळाने मासे धरतो, पण फ्लाय रॉड कोणीच वापरलेला नाही. आता ऑगस्ट सुरू आहे, म्हणजे हातात दोन महिने आहेत.

विचारायचं ते असं. रॉड किती वेटचा (रॉड आणि लाइनच्या ताकदीचा नंबर) घ्यावा आणि लीडर-टिपेटचं, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांमधल्या निमुळत्या दोरीचं आणि तिच्या बारीक टोकाचं, गणित काय? वेडर्स (पाण्यात उतरायची जलरोधक पँट) लागतातच का? मुंबईत कास्टिंगचा (लाइन फेकण्याचा) सराव कुठे आणि कसा करायचा? सह्याद्रीत वापरतो ते तंबू, मॅट आणि स्लीपिंग बॅग तिथे चालतील का? आणि गॅस कुठून न्यायचा?

टिपेट_मुलुंड

रॉड ९ फुटी, ५ वेटचा, चार तुकड्यांचा घ्या. तीर्थनच्या आकाराला ४ वेट अधिक शोभतो, पण शिकणाऱ्याला ५ बरा; वाऱ्यात आणि वजनदार निम्फला (पाण्याखाली बुडणाऱ्या फ्लायला) तो सावरून घेतो. नळीसकट लांबी ७५ सेंटिमीटरच्या आसपास होते, त्यामुळे ६० लिटरच्या सॅकच्या बाजूला नीट बांधता येतो. रीलवर पैसे घालवू नका. या नदीत तिचं काम लाइन गुंडाळून ठेवण्यापुरतंच. लाइन मात्र चांगली हवी: वेट-फॉरवर्ड, तरंगणारी, ५ नंबरची, मागे ४०-५० मीटर बॅकिंग (जादा दोरी).

५ वेटच्या लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं, म्हणजे सुमारे ९.१ मीटरचं, प्रमाणित वजन १४० ग्रेन असतं, साधारण ९ ग्रॅम. फ्लायला सांगण्यासारखं वजनच नाही. रॉड वाकतो तो या लाइनच्या वजनाने. तीर्थनवर तुमची बरीचशी मासेमारी रॉडच्या टोकापुढे पाच-सहा मीटर लाइन ठेवून होईल. तेवढ्याने रॉड पूर्ण वाकत नाही. मग माणूस जोर लावतो आणि लाइन पाण्यावर आपटते. जोर वाढवू नका, हाताची हालचाल लहान ठेवा.

आता लीडर, कारण नवख्यांची सगळी अडचण इथेच असते. साडेसात ते नऊ फुटी, टोकाला ५एक्स असलेला तयार टेपर्ड लीडर घ्या, माणशी तीन. एक्सचं गणित सोपं आहे: ११ मधून तो आकडा वजा करा, जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मिळते. ५एक्स म्हणजे ०.००६ इंच, ०.१५ मि.मी.; ६एक्स ०.१३ मि.मी. फ्लायच्या नंबराला तीनाने भागलं की टिपेटचा अंदाज येतो: १४-१६ नंबरला ५एक्स, १८ ला ६एक्स.

तयार लीडर संपला किंवा मिळाला नाही तर साध्या नायलॉनचा बांधता येतो: ०.५० मि.मी. चा १०० सें.मी., ०.४० चा ६०, ०.३० चा २५, ०.२५ चा २०, ०.२० चा २० आणि शेवटी ०.१५ चा ५५. जाड भाग एकूण लांबीच्या सुमारे ६० टक्के ठेवायचा. तो आखूड पडला तर लाइनचा जोर टोकापर्यंत पोचत नाही आणि फ्लाय गुंडाळी होऊन लाइनवरच पडतो. तुकडे जोडायला डबल सर्जन गाठ, फ्लायला इम्प्रूव्हड क्लिंच पाच वेढ्यांची. आवळण्याआधी गाठ थुंकीने ओली करा. कोरडं नायलॉन घासून तापतं आणि तिथेच कमजोर होतं. मासा तोडून गेला तर टिपेटचं टोक बघा. टोक स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं असेल तर गाठ घसरली. सरळ तुटलं असेल तर ताण जास्त झाला किंवा आधीच चरा पडला होता. टिपेटमध्ये आपोआप पडलेली गाठ दिसली की तो तुकडा कापून नवा लावा. तिथे ताकद जवळपास निम्मी होते.

फ्लाय फार प्रकारचे नकोत. एल्क हेअर कॅडिस आणि पॅराशूट अॅडम्स, दोन्ही तरंगणारे, १४ आणि १६; फेझंट टेल आणि हेअर्स इअर निम्फ, डोक्याला धातूचा मणी असलेले, १४ ते १८; वूली बगर १० नंबरचे थोडे. कॅडिस आणि निम्फ प्रत्येकी सहा-सहा न्या, खडकांत आणि वरच्या फांद्यांत जातातच.

ओढाकाठ

वरच्या उत्तरात ऑक्टोबरपुरती एक भर. तेव्हा पावसाळ्याचं पाणी ओसरलेलं असतं, नदी काचेसारखी नितळ आणि उथळ. मासा लांबून बघतो. संथ डोहांवर लीडर बारा फुटांपर्यंत वाढवा आणि ६एक्स लावा. खळखळत्या पाण्यात नऊ फुटी ५एक्स पुरेसा आहे.

पहाटे उठून धावायची गरज नाही. दरी अरुंद आहे, सूर्य उशिरा आत येतो, पाणी गार असतं आणि पाण्यातले किडे ऊन चढल्याशिवाय उडत नाहीत. साडेदहा ते चार ही ऑक्टोबरची खरी वेळ. सकाळ निम्फवर काढा, दुपारी कोरड्या, म्हणजे तरंगणाऱ्या, फ्लायवर या.

मासा कुठे असतो? खडकाच्या मागच्या शांत पाण्यात असतोच, पण खडकाच्या पुढेही पाण्याची एक उशी तयार होते, तिथे बहुतेक जण गळ टाकतच नाहीत. त्याहून महत्त्वाची जागा म्हणजे वेगवान धार आणि संथ पाणी यांची शिवण. ट्राउट संथ बाजूला उभा राहून धारेतून वाहत येणारं टिपतो. तोंड प्रवाहाकडे असतं, म्हणून तुम्ही खालून वर सरकत जायचं, वाकून, सावली पाण्यावर पडू न देता.

मंडळी, पहिल्या खेपेला अंतराच्या मागे लागू नका. फ्लाय पाण्याच्या वेगानेच वाहिला पाहिजे, एवढंच ध्येय ठेवा. लाइन वेगवान धारेत आणि फ्लाय संथ पाण्यात पडला की लाइन पुढे पळते, फ्लाय ओढला जातो आणि त्याच्यामागे पाण्यावर बारीक व्ही उमटतो. तो दिसला की त्या फेकीत मासा येणार नाही असं धरा. उपाय दोन आहेत. एक, लाइन पडताक्षणी रॉडचं टोक उचलून लाइनचा मधला, वाकलेला भाग प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकायचा. दुसरा आणि तीर्थनच्या गोट्यांमध्ये जास्त कामाचा: चार-पाच मीटरपर्यंत जवळ जायचं, रॉड उंच धरायचा, पाण्यावर फक्त लीडर टेकू द्यायचा. मध्ये लाइनच नसेल तर तिला ओढायला धार मिळत नाही. खळखळाटात मासा तुम्हाला एवढ्या जवळ येऊ देतो, संथ डोहात नाही.

कोरड्या फ्लायच्या गळाच्या वाकाला ४५ सें.मी. टिपेट बांधून खाली मण्याचा निम्फ लावला तर दोन्ही थर एकाच वेळी तपासले जातात. कॅडिस थबकला किंवा बुडाला की रॉड उचला. झटका नको, ५एक्स झटक्याने तुटतो. निम्फ अधूनमधून तळाला घासला पाहिजे. कधीच घासत नसेल तर तो माशाच्या डोक्यावरून जातोय; खालचा टिपेट १५ सें.मी. ने वाढवा.

भटकंती_डोंबिवली

दोघांचेही आभार, हे छापून जवळ ठेवतो. सरावाचं मात्र कोणीतरी सविस्तर सांगा. पवई तलाव जवळ पडतो, तिथे जाऊन टाकून बघितलं तर चालेल का?

टिपेट_मुलुंड

पवईला गळ टाकायला महाराष्ट्र स्टेट अँग्लिंग असोसिएशनमार्फत जावं लागतं, त्यांच्याकडे आधी चौकशी करा. तिथे मगरी आहेत, त्यामुळे पाण्यात पाय घालून उभं राहायचा विचारही नको. विहार आणि तुळशी तर पिण्याच्या पाण्याचे आणि राष्ट्रीय उद्यानातले, तिकडे जायचंच नाही.

पहिल्या महिन्याला पाणी लागतच नाही, गवत लागतं. सकाळी मैदान रिकामं असताना, पाऊस पडून गेलेल्या ओल्या हिरवळीवर सराव करा. काँक्रीट, लाल माती आणि चौपाटीची वाळू टाळा. लाइनवरचा थर खरवडतो, नंतर ती तरंगत नाही आणि गाइडमधून (रॉडवरच्या कड्यांमधून) सरकत नाही. फ्लायच्या जागी लोकरीचा भडक रंगाचा एक सेंटिमीटरचा तुकडा बांधा, गळ लावू नका. वर विजेच्या तारा नाहीत हे आधी बघा. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते.

आठ मीटरवर वर्तमानपत्राचं पान अंथरा. रॉड पुढे घड्याळाच्या दहावर थांबवा, मागे एकवर थांबवा, आणि मागे लाइन सरळ होईपर्यंत वाट बघा. मान वळवून मागची लाइन बघितली तरी चालेल, सुरुवातीला बघाच. मनगट वाकलं तर रॉड मागे तीनपर्यंत जातो आणि लाइन जमिनीला लागते. त्यावर उपाय म्हणून रॉडच्या मुठीचं मागचं टोक शर्टाच्या बाहीत खोचा किंवा मनगटाला सैल रबर बँडने बांधा. मागे चाबकासारखा फटका ऐकू आला तर तुम्ही लवकर निघालात. अशाने फ्लाय तुटतो. पुढे जाताना लाइन स्वतःलाच अडकून गाठ पडत असेल तर सुरुवातीलाच जोर लावताय किंवा थांबायच्या काळात हात हळूच पुढे सरकतोय. जोर सावकाश वाढवत नेऊन शेवटी टप्पकन थांबायचं.

रोज वीस मिनिटं करा. आठवड्यातून एकदाच तीन तास केले तर हात दमतो आणि चुकीचीच सवय लागते.

रोल कास्टला (लाइन मागे न फेकता पुढेच उलगडत टाकायला) मात्र पाणी लागतं, कारण पाण्याची पकडच रॉड वाकवते. नदीवर पाठीमागे झाडं असल्यामुळे तुमच्या निम्म्या फेकी रोल कास्टच असतील. गवतावर करायचाच तर लीडरचं टोक मित्राच्या बुटाखाली दाबून ठेवा. शेवटचे दोन रविवार कर्जत-बदलापूर पट्ट्यात पैसे घेऊन गळ टाकू देणाऱ्या एखाद्या तळ्यावर काढा. तिलापिया १४ नंबरचा निम्फ घेतो, म्हणजे मासा लागल्यावर लाइन बोटाखाली कशी धरायची तेही शिकून होईल.

गिरगाव_गळ

मध्येच विचारतो, माफ करा. हिमाचलाऐवजी सह्याद्रीत महासीर फ्लायवर मिळत नाही का? महाडजवळ वाळणकोंडीला एवढे मोठे मासे दिसतात.

ओढाकाठ

वाळणकोंड देवस्थानाचा डोह आहे. काळ नदीतले ते मासे देवीचे म्हणून गावाने राखलेत, म्हणूनच एवढे वाढलेत. तिथे गळ टाकायचा नाही. लोणावळ्याला टाटा पॉवरच्या वळवण केंद्रात कित्येक वर्षं महासीरची पिल्लं वाढवून सोडली जातात. तो मासा परत उभा करायला किती खटपट लागते हे त्यावरून समजेल. महासीरसाठी रॉडही ८ वेटच्या पुढचा लागतो. या धाग्यात तो विषय नको, वेगळा काढा.

रानवाट_ठाणे

तंबूचं मी सांगते. सर्वात आधी, आज-उद्याच तंबू उघडून बघा. मुंबईच्या दमट हवेत माळ्यावर गुंडाळून ठेवलेल्या तंबूचा आतला पीयू (पॉलियुरेथेनचा जलरोधक) थर विघटित होतो: तळ चिकट लागतो, आंबूस वास येतो, शिवणीवरची पट्टी सोलून निघते. असं झालं असेल तर धुऊन किंवा स्प्रे मारून तो सुधारत नाही, नुसतं ऑक्टोबरपर्यंत लांबणीवर पडतं. तळ ठीक आणि फक्त शिवणी सुटल्या असतील तर सीम सीलर लावा, २४ तास सुकू द्या, मग टॅल्कम पावडर भुरभुरवा म्हणजे घड्या चिकटणार नाहीत. परत आल्यावर पंख्याखाली पूर्ण वाळवा आणि पिशवीत कोंबण्याऐवजी सुती चादरीत सैल ठेवा. बुरशी ओलीतूनच लागते.

सह्याद्रीची एकेरी फोम मॅट तिथे अपुरी आहे. खोऱ्यात मुक्कामाच्या जागा दीड ते दोन हजार मीटरवर आहेत आणि ऑक्टोबरच्या मध्यावर पहाटे पाच अंशांच्या आसपास धरून चला. थंडी लागते ती बहुतेक वेळा जमिनीतून. अंगाखाली दबलेल्या स्लीपिंग बॅगच्या भरणात हवाच उरत नाही. नवी हवेची मॅट घेण्याआधी दोन फोम मॅट एकावर एक टाका. आर-व्हॅल्यूची (मॅट थंडी किती रोखते त्या आकड्याची) बेरीज होते, १.५ आणि १.५ मिळून ३. तेवढं या दिवसांना पुरतं. स्लीपिंग बॅगवर 'कम्फर्ट' लिहिलेला आकडा बघा, ० ते ३ अंश हवा. स्वस्त बॅगांवर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुधा 'एक्स्ट्रीम' असतो. त्या तापमानाला माणूस जिवंत राहील एवढाच त्याचा अर्थ.

तंबू वाळूवर किंवा नदीच्या गोट्यांवर लावू नका. काठावर वाळक्या काटक्या-गवताची ओळ अडकलेली दिसते, तिथपर्यंत पूर आलेला असतो. त्या ओळीच्या वर आणि पाण्यापासून साठेक मीटर दूर जा. पाण्याजवळ दव जास्त पडतं आणि थंड हवा दरीच्या तळाशी साचते, म्हणून पाच-सात मीटर उंचावरची पडीक पट्टी गोट्यांपेक्षा कोरडी आणि उबदार असते. जमीन कोणाची ते विचारा, बहुतेक पट्ट्या बागायतीतल्या आहेत. दोन्ही व्हेंट उघडे ठेवा. थंडी म्हणून बंद केले की सकाळी आतून पाणी ठिबकतं आणि बॅग ओली होते.

गॅस मुंबईहून न्यायचाच नाही. विमानात चेक-इनमध्येही चालत नाही, रेल्वेतही बंदी आहे. दिल्ली, चंदीगड किंवा कुल्लू-मनालीत पेचाचे २३० ग्रॅमचे कॅनिस्टर घ्या आणि आधी फोन करून ठेवा. त्यात आयसोब्युटेन-प्रोपेन मिश्रण आहे का ते वाचा. निव्वळ ब्युटेन उणे अर्ध्या अंशालाच उकळायचं थांबतं, आणि वापरताना डबा स्वतःही गार होतो, म्हणून लांब नळकांड्याच्या स्वस्त डब्याची ज्योत पाच अंशांच्या सकाळीच मरगळते. आयसोब्युटेन उणे ११ पर्यंत चालतं. तिघांचा चहा, एक वेळ खिचडी आणि गरम पाणी धरून दिवसाला ८०-१०० ग्रॅम लागतो. तीन रात्रींना दोन कॅनिस्टर. डाळ मुगाचीच न्या आणि भिजवून कुकरमध्ये लावा. दोन हजार मीटरवर पाणी ९३ अंशांनाच उकळतं, उघड्या पातेल्यात तूर शिजता शिजत नाही.

मासा साफ केलात तर आतडी तंबूजवळ किंवा पाण्यात टाकू नका. त्या जंगलात काळं अस्वल आहे.

ओढाकाठ

वेडर्स राहिले होते. एवढ्यासाठी घेऊ नका. ३ मि.मी. चे निओप्रीन मोजे, त्यावर घट्ट लेसचे जुने ट्रेकिंग बूट आणि लवकर सुकणारी पँट. अर्धा तास पाण्यात, मग बाहेर उन्हात. सँडल नकोत, गोट्यांमध्ये बोट अडकून मोडतं. बूट नेण्यापूर्वी धुऊन पूर्ण वाळवून न्या, इकडच्या तळ्यातलं काही तिकडच्या नदीत जायला नको. गुडघ्याच्या वर पाणी असेल तिथे उतरू नका. काठी हातात, तोंड प्रवाहाकडे, एका वेळी एकच पाय हलवायचा. पडलात तर पाठीवर, पाय खालच्या दिशेला, आणि उभं राहायची घाई नको. वाहत्या पाण्यात पाय तळाच्या खडकांत अडकला की पाणी अंगावरून जातं. नदी ओलांडताना सॅकचा कमरपट्टा आधीच सोडा.

ब्राऊन ट्राउट नोव्हेंबरपासून अंडी घालतो, म्हणून हिमाचलात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते. ऑक्टोबरच्या शेवटी नदीतल्या बारीक, स्वच्छ दिसणाऱ्या खडीवरून चालू नका, तिथेच माशांच्या अंड्यांची घरटी होतात. लायसन्स हिमाचलच्या मत्स्य विभागाचं, माणशी वेगळं. होमस्टेवाल्यांना आधी सांगितलं तर ते बहुतेक वेळा सोय करतात. किती आणि केवढे मासे ठेवता येतात ते त्या कागदावर वाचा. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या आत हे लायसन्स चालेल असं धरू नका, तिथे प्रवेशालाच वेगळा परवाना आहे.

मासेमारी तीर्थनवरच करा. खाली लारजीला तीर्थन आणि सैंज बियासला मिळतात आणि तिथून पुढे धरणाचं पाणी आहे. ८ जून २०१४ ला थलौटजवळ लारजी प्रकल्पातून सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. कोरडा दिसणारा काठ काही मिनिटांत भरतो. बियासच्या खडकांवर फोटोपुरतंही उतरू नका.

जाताना मुंबईहून राजधानीने दिल्ली, तिथून रात्रीची मनालीची बस, आणि औटच्या बोगद्याच्या आधी उतरायचं. कंडक्टरला चढतानाच सांगा, नाहीतर बस सरळ कुल्लूकडे निघून जाते. औटहून बंजार साधारण तासाभराचं, पुढे गुशैणी १० किलोमीटर. बस मिळते, पण तिघांच्या सॅक असतील तर जीपच करा.

भटकंती_डोंबिवली

तंबू उघडला. रानवाटताई म्हणाल्या तसा एका तंबूचा तळ चिकटतोय, तो बाद. शेवटचं विचारतो: गळ हातात किंवा कानाला लागला तर काय करायचं? दवाखाना बंजारला, म्हणजे दूर.

टिपेट_मुलुंड

मुंबईतच सगळ्या फ्लायचे उलटे काटे चिमट्याने दाबून सपाट करा. मग गळ आला तसा मागे ओढून निघतो, माशाच्या तोंडातूनही. टोपी आणि गॉगल पाण्यापाशी असेपर्यंत काढायचे नाहीत.

काटा न दाबलेला गळ मांसात रुतला तर: फ्लाय लीडरपासून कापा. जाड नायलॉनचा ३०-४० सें.मी. चा फास गळाच्या वाकात अडकवून टोकं हाताला गुंडाळा. दुसऱ्या हाताच्या बोटाने गळाचा डोळा (दोरी बांधायचं छिद्र) त्वचेवर सपाट दाबून धरा, त्याने काटा मांसातून सुटतो. मग फास त्वचेला समांतर, गळ शिरला त्याच्या उलट दिशेने, एकाच झटक्यात ओढा. सावकाश ओढलं तर काटा पुन्हा धरतो. गळ ज्या दिशेला उडेल तिथे कोणी उभं राहू नये. जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवा, आयोडीन लावा. धनुर्वाताचं इंजेक्शन पाच वर्षांहून जुनं असेल तर निघण्यापूर्वी घेऊन टाका. डोळ्यात किंवा डोळ्याजवळ, गळ्यावर, सांध्यात रुतला असेल तर हे करायचं नाही: हात न लावता, वर कागदी कप उपडा चिकटवून थेट दवाखाना. बंजारला डोळ्यांचा इलाज होईलच असं धरू नका, कुल्लूला जायची गाडी लगेच बोलवा.